वजन उतरवताना रोजचं खाणंपिणं: सांगलीकरांचे नेहमीचे प्रश्न

विश्रामबागपासून जत-आटपाडीपर्यंतची माणसं आहारतज्ज्ञ म्हणून मला फोनवर, मेसेजवर आणि समोर बसून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. नावं काढली आहेत, भाषा शक्यतो विचारणाऱ्याचीच ठेवली आहे. उत्तरं धडधाकट मोठ्या माणसांसाठी आहेत. शुगर, थायरॉईड किंवा किडनीचा त्रास असेल, अंगावर पिणारं बाळ असेल, तर आधी प्रश्न २० आणि २१ वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडच्या ताटात फारसं वावगं काही नाही. जास्तीचं जातं ते ताटाबाहेर: चहात, चहाबरोबर, जाता-येता तोंडात टाकताना आणि फोडणीच्या पळीतून. म्हणून चहा, तेल आणि दाण्यांची उत्तरं लांबली आहेत.

१. मला घरी सगळे 'खात्यापित्या घरचा' म्हणतात. वजन खरंच जास्त आहे हे ठरवायचं कसं?

उंची, वजन आणि कंबर, तिन्ही मोजा. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग म्हणजे बीएमआय. भारतीयांसाठी तो २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. परदेशी तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० असतात, त्यामुळे मोबाईलवरचं कॅल्क्युलेटर तुम्हाला 'नॉर्मल' सांगून मोकळं होतं. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर २३ म्हणजे साडेबासष्ट किलो आणि २५ म्हणजे ६८ किलो.

कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत असावी. टेप पँटच्या पट्ट्यावर लावू नका, पट्टा कधीच पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजा. हातपाय काटक आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांचा बीएमआय बरा दिसतो, पण कंबर लपत नाही.

२. पुतणीचं लग्न दीड महिन्यावर आलंय. तोवर दहा किलो कमी होईल का?

नाही. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलो उतरतं. दीड महिन्यात तीन, फार तर चार किलो. पहिल्याच आठवड्यात दोन किलो गेले तर हुरळून जाऊ नका, त्यात बरंचसं पाणी असतं. घाईने वजन पाडलं की केस गळतात आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. लग्नात ब्लाऊज सैल व्हायला तीन किलोही पुरतात.

३. चपाती बंद करून शाळूची भाकरी सुरू केली. महिना झाला, काटा हलत नाही. असं कसं?

कारण शाळू, गहू, बाजरी, कुठलंही पीठ शंभर ग्रॅम घेतलं तरी त्यात साडेतीनशेच्या आसपासच कॅलरी असतात. फरक पडतो आकाराने. शहरातल्या पातळ भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागतं, गावाकडच्या हातभर भाकरीला ८०-८५.

एकदाच मोजून बघा. परातीत घ्यायचं कोरडं पीठ काट्यावर ठेवा, नेहमीसारख्या भाकऱ्या थापा आणि भागाकार करा. मळलेला गोळा मोजू नका, त्यात पाणी असतं. अर्धा किलो पिठात सहा भाकऱ्या होत असतील तर एका भाकरीत ८३ ग्रॅम पीठ, म्हणजे २८० ते २९० कॅलरी. एका बैठकीला तीन खाल्ल्या की साडेआठशे झाल्या, आणि कोरड्यास, म्हणजे भाजी-कालवण, अजून वाढायचंय. त्यातून कालवण पातळ असलं की भाकरी कुस्करली जाते आणि कुस्करली की दोनच्या तीन कधी होतात ते कळत नाही.

तरीही भाकरीची बाजू घ्यावीशी वाटते. तिला तेल लागत नाही. घडीच्या चपातीला घडीत एकदा आणि तव्यावर एकदा तेल लागतं. भाकरी चावावी लागते, म्हणून जेवण जरा सावकाश होतं. बैठं काम असलेल्या बाईला एका जेवणाला ६०-७० ग्रॅम पिठाची एक भाकरी पुरते, रानात राबणाऱ्या माणसाला दोन लागतील. नाचणी कॅल्शियमसाठी जरूर खा. ती वजन उतरवते म्हणून खाणार असाल तर पदरी निराशा येईल. बाजारातल्या 'मल्टिग्रेन' आट्याचंही तेच.

४. मग भात बंद करायचा का?

गरज नाही. शिजलेल्या मोठ्या वाटीभर भातात १९०-२०० कॅलरी असतात, मध्यम भाकरीएवढ्याच. अडचण अशी की आपल्याकडे भाकरीचं पोटभर जेवण झाल्यावर 'शेवटचा भात' येतो. भात खायचा त्या जेवणाला एक भाकरी कमी करा, विषय संपला.

५. मी जेवण निम्म्यावर आणलंय. चहा तेवढा घेते, पण तो अर्धा-अर्धा कपच. चहाने काय होतंय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून हिशेबच मांडते. अर्ध्या कपात, म्हणजे शंभर मिलिलिटरात, निम्मं दूध. दूध म्हशीचं असेल तर त्याच्या ५० कॅलरी. साखर दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम, त्याच्या ४०. एक अर्धा कप ९० कॅलरीचा झाला. सकाळी उठल्यावर, कामवाली आली की तिच्याबरोबर, अकराला, दुपारी झोपून उठल्यावर, ते घरी आले की, आणि शेजारीण आली म्हणून: सहा झाले. सहा नव्वदं पाचशेचाळीस. प्रश्न ३ मधल्या दोन दांडग्या भाकऱ्या तुम्ही प्यायलात आणि जेवण मात्र निम्म्यावर आणलंत.

साखर ६० ग्रॅम झाली ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत हवी आणि पाच टक्क्यांवर आणता आली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच सपाट चमचे. त्यात शिरा, लाडू, सॉस, सगळं आलं.

चहाबरोबर बटर, खारी किंवा टोस्ट असतो. खारी हाताला हलकी लागते, पण मैद्याचे पापुद्रे सुटतात ते आतल्या वनस्पती तुपामुळे. चार साध्या बिस्किटांच्याही ९० कॅलरी होतात.

करायचं काय? चहा सोडायला मी कुणालाच सांगत नाही, चार दिवसांत डोकं धरून परत येतात. साखर मात्र दर आठवड्याला पाव चमचा उतरवा, जिभेला पत्ता लागत नाही. दूध गाईचं किंवा साय काढलेलं घ्या. टपरीवर साखर पातेल्यात आधीच पडलेली असते, तिथे 'कमी साखर' म्हणून काही उपयोग नाही. बिनसाखरेचा वेगळा करून देतात का ते विचारा. पाहुणे म्हणून गेलात तर 'घोटभरच द्या' म्हणा, नको म्हटलं तर यजमान दुखावतात आणि मग पूर्ण कप येतो. आणि जेवणावर लगेच चहा नको. त्यातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. हिमोग्लोबिन आधीच कमी असणाऱ्या बायकांनी मध्ये तासाभराचं अंतर ठेवावं.

६. आम्ही साखर बंद केली, आता गुळाचा चहा पितो. गूळ आमच्याच गुऱ्हाळाचा आहे, केमिकल नाही.

गूळ चांगला असेल, शंका नाही. पण शंभर ग्रॅम साखरेच्या ४०० कॅलरी आणि गुळाच्या ३८० च्या आसपास. शिवाय साखरेएवढी गोडी यायला गूळ थोडा जास्तच पडतो. गुळातलं लोह आणि खनिजं चहाच्या खड्यापुरती नगण्य आहेत. काकवीत पाणी जास्त म्हणून चमच्यामागे कॅलरी थोड्या कमी, इतकंच. भाकरीबरोबर वाटीने ओढली तर तोही फरक मिटतो. मधाच्या मोठ्या चमच्याला साठेक कॅलरी.

'शुगर फ्री' गोळ्यांबद्दलही विचारतात. वजन कमी करण्यासाठी बिनसाखरेच्या कृत्रिम गोडीवर अवलंबून राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलंय. माझा आक्षेप साधा आहे: गोळी घातली तरी जीभ गोडालाच चटावलेली राहते.

७. सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात मध-लिंबू घेतल्याने चरबी वितळते का?

वितळत नाही. त्याने पहिला चहा चुकत असेल तर फायदा चहा चुकल्याचा. मध न घालता प्या. जिऱ्याचं, मेथीचं, ओव्याचं पाणी यांनाही हेच उत्तर. साधं पाणी जेवणाआधी ग्लासभर प्यायलं तर काहींना कमी जेवण पुरतं.

८. घाण्याचं शेंगतेल वापरतो, रिफाइंड बंद केलंय. हे तेल बाधत नाही ना?

चवीला आणि वासाला घाण्याचं तेल चांगलं, पण वजनाच्या बाबतीत तेल ते तेल. शेंगतेल, करडई, सूर्यफूल, सरकी, अगदी घरचं लोणकढं तूप: एका ग्रॅमला नऊ कॅलरी. लहान चमचाभर तेलाच्या ४५ होतात.

लोक सांगतात, 'आमच्याकडे तेल कमीच असतं.' मी विचारते, डबा किती दिवस जातो? चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर तेल जातं, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. ते २० मिलिलिटरवर आणायचं तर चौघांना महिन्याला अडीच लिटर पुरायला हवं. डबा आणल्याची तारीख त्याच्यावरच मार्करने लिहा. याहून सोपी तपासणी मला माहीत नाही.

तेल कमी कसं होतं? फोडणी पळीने घालायची सोडून चमच्याने घाला. वांगी तेलात तळसून मग रश्शात सोडण्याऐवजी मसाला भरून, झाकणात पाणी ठेवून वाफेवर शिजवा. कृष्णाकाठचं वांगं मुळात मऊ आणि गोडसर, त्याला तेलाचा तवंग लागत नाही. वांगं तेल पितं आणि मागितलं की परत देत नाही. खरडा करताना मिरच्या आधी कोरड्या भाजा, तेलाची धार शेवटी. मिसळीचा कट वेगळ्या वाटीत मागवा, वरचा लाल थर चमच्याने बाजूला करा, खालचं पाणी घ्या. हॉटेलवाला बघेल, बघू दे.

९. शेंगदाण्यात प्रोटीन असतं म्हणतात. मग आमटीत, भाजीत कूट घातलं तर चांगलंच ना?

प्रोटीन असतं, शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम. पण त्याच शंभर ग्रॅममध्ये जवळपास निम्मं तेल असतं आणि कॅलरी साडेपाचशेच्या वर जातात. मूठभर म्हणजे तीसेक ग्रॅम दाण्यांच्या १७० कॅलरी.

मूठभर दाणे मोजून, भाजून खाल्ले तर उत्तम खाणं आहे. घोटाळा होतो न दिसणाऱ्या दाण्यांचा. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, ताटात शेंगदाण्याची चटणी, वर तेल, आणि माण-खटावकडचं माहेर असेल तर आठवड्यातून एकदा दाण्याच्या कुटाचा म्हाद्या. एका जेवणात वाटीभर दाणे पोटात जातात आणि बाई म्हणते, मी तर नुसती भाजी-भाकरी खाल्ली. माझा नियम असा: एका जेवणात कूट एकाच पदार्थात, आणि तेही माणशी एक मोठा चमचा.

१०. आम्ही माळकरी. अंडं-मटण काहीच नाही. प्रोटीन कुठून आणायचं? पावडर घ्यावी लागेल का?

नाही लागणार. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. कोरडी कडधान्यं-डाळी मिळून ६० ग्रॅम घेतल्या तर त्यातून १४ येतं. ६० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून १२. दूध-दही-ताक मिळून ३०० मिलिलिटर दुधाचं १०. वीस ग्रॅम दाण्यांचं ५. भात-भाजीतून चारेक. झाले ४५. मटकी जरा वाढवली की पन्नाशी गाठली. कधी सोयाबीन वडी घाला, तिच्या तीस ग्रॅममध्येच १५ ग्रॅम प्रोटीन असतं.

आपल्याकडे ही यादी आयती आहे: हुलग्याचं माडगं, मोडाची मटकी, उडदाचं घुटं, कोरेगावचा वाघ्या घेवडा, महामार्गावरच्या ढाब्यांनी नावारूपाला आणलेला अख्खा मसूर. अख्खा मसूर घरी करा, ढाब्यावरच्या मसुरात मसूर कमी आणि तेल-बटर जास्त असतं. अडचण प्रमाणाची आहे. आमटी इतकी पातळ असते की वाटीत डाळ शोधावी लागते. आमटी घट्ट करा आणि वाटीभर उसळ रोजच्या ताटात ठेवा. अंडी खाणाऱ्या घरात एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतं.

११. संध्याकाळी भडंग खातो. चुरमुरे हलके असतात, त्याने काय होतंय?

चुरमुरे हलके, भडंग नव्हे. पाव किलो चुरमुऱ्यांना अर्धी वाटी तेल आणि वाटीभर शेंगदाणे धरा. चुरमुऱ्यांच्या ९००, तेलाच्या ६००, दाण्यांच्या ७००: बावीसशे कॅलरी. तयार भडंग साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे ५० ग्रॅमच्या बशीला २४० कॅलरी, आणि बशीवर कोण थांबतं? पुडा उघडला की संपतो. चुरमुरे कोरडे भाजून, चमचाभर तेलात लसूण-मेतकूट परतून, वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून खा. सांगलीकर याला भडंग म्हणणार नाहीत, मान्य आहे.

१२. सातच्या आत जेवा म्हणतात. आम्ही रानातून येतोच आठ-साडेआठला. मग काय करायचं?

साडेआठला जेवा. वजनासाठी दिवसभरात किती खाल्लं ते मोठं, घड्याळ त्यामानाने लहान. उशिरा जेवणाऱ्याचं बिघडतं ते दोन कारणांनी: सहा वाजता भूक लागली म्हणून भजी-वडापाव होतो, आणि जेवल्या जेवल्या आडवं झालं की जळजळ होते. सहाला एखादं फळ किंवा मूठभर फुटाणे खा आणि झोपण्याआधी दोन तास जेवण उरका.

सोळा तास उपाशी राहण्याच्या पद्धतीबद्दलही याच प्रश्नात विचारतात. त्यात एक वेळचं खाणं गळतं म्हणून वजन उतरतं, दुसरी जादू नाही. जमत असेल तर करा. शुगरच्या गोळ्या असतील तर नको (प्रश्न २१).

१३. कुपवाड एमआयडीसीत आठवड्याआड रात्रपाळी असते. तेव्हा कधी जेवायचं?

मुख्य जेवण कामावर जायच्या आधी. मध्यरात्रीचा डबा छोटा: एक भाकरी, उसळ, ताक. पहाटे तीन-चारला झोप आवरायला जो गोड चहा आणि क्रीमरोल होतो, तिथेच वजन वाढतं. शेवटचा चहा पाळी सुटायच्या चार-पाच तास आधी घ्या, नाहीतर घरी गेल्यावर झोप येत नाही. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते. घरी आल्यावर हलकं काहीतरी खाऊन झोपा, सकाळची पोळी-भाजी आणि दुपारचं पूर्ण जेवण दोन्ही नकोत.

१४. मी गुरुवार, चतुर्थी आणि एकादशी करते. तरी वजन वाढतंच आहे.

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केलीय. ताटभर साबुदाणा खिचडीत ७५ ग्रॅम साबुदाणा, तीस ग्रॅम कूट, मोठा चमचा तूप आणि अर्धा बटाटा धरला तर सहाशे कॅलरी होतात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रोटीन नाहीच म्हटलं तरी चालेल. म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि वेफर्स, शेंगदाण्याचा लाडू, उपवासाचा चिवडा सुरू होतो.

खिचडी एकदाच, वाटीभर. दुसऱ्या वेळी भगर आणि पातळ दाण्याची आमटी, किंवा उकडलेलं रताळं आणि ताक, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर. भगरीचं पीठ घरी ताजं दळा. जुन्या, उघड्या पिठामुळे उपवासाच्या दिवसांत विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. आणि उपवास सोडताना पुरणपोळी असेल तर दिवसभराचं सगळं भरून निघतं, हेही धरा. निर्जळी करणाऱ्या आजींना मी काही सांगायला जात नाही. औषधं चालू असतील तर मात्र त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगते.

१५. उन्हाळ्यात कोल्ड्रिंक बंद करून उसाचा रस पितो. तो नैसर्गिक आहे ना?

उसाच्या जिल्ह्यात हे उत्तर कुणाला आवडत नाही. अडीचशे मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकमध्ये २६-२७ ग्रॅम साखर असते. तेवढ्याच रसात ३० ग्रॅम किंवा जास्त. कष्टाचं काम करून घामाघूम झालेल्या माणसाने एक ग्लास प्यायला तर तो जिरतो. गाडीतून उतरून, सावलीत उभं राहून 'फुल' मागवणाऱ्याचं तसं नाही. रोज पिऊ नका, प्यालात तर त्या दिवशीचे दोन चहा बिनसाखरेचे घ्या.

ताक हे आपलं खरं पेय. पातळ ताकाच्या ग्लासात तीस-चाळीस कॅलरी. साय काढून घुसळलेलं हवं आणि रक्तदाब असेल तर मीठ बेताने. लस्सी आणि कोकम सरबत गोडात मोडतात. शहाळं चालतं.

१६. द्राक्षाची बाग आमचीच. द्राक्षं, बेदाणे खाल्ले तर चालतं का?

द्राक्षं चालतात: शंभर ग्रॅमला ७० कॅलरीच्या आसपास. ताटलीत मोजून घ्या, बागेत फिरताना घडावरून तोडत राहिलात तर हिशेब राहत नाही. बेदाण्यांत मात्र पाणी उडालेलं असतं. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणून शंभर ग्रॅमला ३०० कॅलरी. दहा ग्रॅम, म्हणजे वीसेक बेदाणे, ही एका वेळची मर्यादा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून त्यातली साखर कमी होत नाही. आंबा आणि केळं बंद करू नका: दिवसाला एक, जेवणावर नको, मधल्या वेळी.

१७. गावची यात्रा, लग्नं, नरसोबाच्या वाडीला गेलं की बासुंदी. या दिवसांत काय करायचं?

यात्रेच्या दिवशी जेवा. पाहुणे, व्याही, मित्र, सगळ्यांकडे बोलावणं असतं, तरी पूर्ण जेवण एकाच घरी घ्या आणि बाकीच्यांकडे 'भेटायला आलोय' म्हणून वाटीभर रस्सा. मटणाच्या रश्शात वर जो तवंग येतो तो ढवळून न घेता वाढपी खालून वाढेल असं बघा. सुक्या मटणाचे चार-पाच तुकडे, एक भाकरी, भरपूर कांदा-लिंबू. मटणापेक्षा त्याच्याबरोबर किती भाकऱ्या आणि किती भात गेला ते जड पडतं.

नरसोबाच्या वाडीला दर पौर्णिमेला जाणारे बरेच जण आहेत. बासुंदी तिथेच, लहान वाटीभर, बसून खा. घरी किलोभर आणली की फ्रीज उघडताना चमचा-चमचा चालू होतो. कवठाची बर्फी, साताऱ्याहून आलेले कंदी पेढे, दिवाळीचा फराळ यांनाही हाच नियम: शंभर ग्रॅम पेढ्यांच्या चारशेच्या आसपास कॅलरी धरा, एक खा आणि उरलेला डबा त्याच दिवशी वाटून टाका.

लग्नाच्या पंगतीत आग्रह होतोच. पानावर थोडं काहीतरी राहू द्या, रिकामं पान दिसलं की वाढपी थांबत नाही. अन्न टाकायचं नाही हे खरं, म्हणून आधीच कमी वाढून घ्या आणि शेवटचा घास सावकाश खा.

१८. फक्त शनिवारी घेतो. तेवढ्याने वजन वाढतं?

साठ मिलिलिटरच्या पेगला १४० कॅलरी, बिअरच्या मोठ्या बाटलीला अडीचशेच्या वर. दोन-तीन पेग, चकण्याला मसाला शेंगदाणे, नंतर रात्री अकराला ढाब्यावर जेवण. एका शनिवारात आठवड्याचं कमावलेलं जातं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' लिहून आलं असेल तर शनिवारही नको.

१९. आधी तालमीत होतो. तालीम सुटून बारा वर्षं झाली. पोट सुटलंय, व्यायामाशिवाय काही उपाय?

हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. मेहनत सुटली, खुराक सुटला नाही. लिटरभर दूध, बदामाची थंडाई, भाकरीवर तुपाची धार: हे हजार बैठका मारणाऱ्या अंगासाठी होतं. लिटरभर म्हशीच्या दुधातच हजाराच्या आसपास कॅलरी आहेत. दूध ग्लासावर आणा, तूप चमच्यावर, बदाम पाच-सहा. पैलवानाच्या अंगात स्नायू जास्त असतात, त्यामुळे त्यांचा बीएमआय फसवा येतो. कंबरच मोजा (प्रश्न १). आणि व्यायामाशिवाय का? जोर-बैठका तुम्हाला येतात, त्या थोड्या का होईना, पुन्हा सुरू करा.

२०. बाळ चार महिन्यांचं आहे. सासूबाई डिंकाचे लाडू देतात, मला वजन कमी करायचंय.

आत्ता डाएट नको. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सहाशेच्या आसपास जादा कॅलरी लागतात. लाडू दिवसाला एक पुरे, दोनवरून एकवर आणा. सासूबाईंना 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हणा, मी हरकत घेणार नाही. अळिवाची खीर, मेथीची भाजी, उसळ, दूध चालू ठेवा. तुपातला शिरा आणि रात्री जागताना होणारी बिस्किटं कमी करा. नेटाने वजन उतरवायचं ते बाळ वरचं अन्न नीट खायला लागल्यावर.

२१. शुगरची आणि थायरॉईडची गोळी चालू आहे. मी यातलं काय करू शकते?

तेल, साखर, चहाबद्दलचं सगळं. जेवण चुकवणं आणि लांब उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने जेवण टाळलं तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते: घाम, थरथर, धडधड, डोकं हलकं होणं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, तिथे वजनाचा विचार नाही. खाणं कमी केल्यावर गोळीचा डोसही कमी करावा लागतो. तो डॉक्टरांनी करायचा, आपण नाही.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. गोळीने पातळी नीट असेल तर वजन न उतरण्याचं खापर थायरॉईडवर फोडू नका. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी प्रश्न १० मधलं प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

२२. वजनाची इंजेक्शनं आलीत म्हणे. ती घेतली तर पथ्य नको ना?

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही औषधं भूक कमी करतात, त्यांनी वजन उतरतं. ती डॉक्टरांनी तपासून लिहून द्यायची आहेत, जिममधल्या मित्राने नव्हे. भूक मेली की लोक दोन बिस्किटांवर दिवस काढतात आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. म्हणून घासभर खायचं तर आधी उसळ, अंडं, दही. इंजेक्शन थांबवल्यावर बऱ्याच जणांचं वजन पुन्हा वाढतं.

२३. पाच किलो उतरले, आता दीड महिना काटा जागचा हलत नाही. रोज आमराईत फेऱ्याही मारतो.

शरीर हलकं झालं की त्याला लागणारं अन्नही कमी होतं, म्हणून आधीचं प्रमाण आता पुरून उरतं. दुसरं कारण जास्त नेहमीचं: मापं हळूहळू सैल होतात. भाकरीचं पीठ पुन्हा मोजा (प्रश्न ३), तेलाच्या डब्याची तारीख बघा (प्रश्न ८). अर्ध्या तासाच्या चालण्याने शंभर-दीडशे कॅलरी जातात आणि फेऱ्या संपल्यावर मित्रांबरोबरच्या एका वडापावने तीनशेच्या आसपास परत येतात. फेऱ्या सोडू नका, वडापाव सोडा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर करा. पाळीच्या आधी बायकांचं किलोभर वाढलेलं दिसतं, ते पाणी असतं.

२४. मी काहीच केलं नाही, तरी सहा किलो उतरले. सगळे म्हणतात छान दिसतेस. अजून उतरू द्यायचं का?

नाही, आधी डॉक्टरांकडे जा. काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त घट झाली, म्हणजे साठ किलोच्या बाईचे तीन किलो गेले, तरी तपासणी लागते. वाढलेली शुगर, जास्त काम करणारी थायरॉईड, क्षयरोग, आतड्याचे आजार, मनावरचा ताण, यांतलं काहीही असू शकतं. सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, दोन आठवड्यांहून जुना खोकला किंवा संध्याकाळचा बारीक ताप यांतलं काही बरोबर असेल तर या आठवड्यातच जा. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. जाताना जुन्या वजनाचे कागद असतील तर घेऊन जा.